मैदानाचं विचारा : मोठ्या क्लबाचा दुसरा संघ आपल्या लीगमध्ये

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की इंडियन सुपर लीग (आयएसएल) या देशातल्या वरच्या फुटबॉल लीगमधल्या क्लबांचे दुसरे, म्हणजे राखीव आणि तरुण खेळाडूंचे, संघ स्थानिक लीगमध्ये खेळायलाच हवेत, फक्त त्यांना नियमांनी बांधा. त्यावर बरीच पत्रं आली, काही चांगलीच तापलेली. म्हणून या वेळचं सगळं सदर याच विषयाला देतो आहे. पत्रं थोडक्यात छापली आहेत आणि नावं गाळली आहेत.

प्रश्न : आमचा क्लब छोटा आहे. वर्गणीवर आणि दोन-चार दुकानदारांच्या मदतीवर चालतो. एका मोठ्या क्लबाच्या दुसऱ्या संघाशी सामना होता. आधीच्या आठवड्यात तो संघ तळाच्या संघाकडून हरला होता, सगळी पोरंसोरं होती. आमच्यासमोर मात्र पहिल्या संघाच्या बेंचवरचे चौघे उतरवले. चार गोल खाल्ले. याला स्पर्धा म्हणायचं का? — एक कार्यकारिणी सदस्य, म्हापसा

तुमचा राग रास्त आहे. मी स्वतः फोंडा तालुक्यातल्या गावच्या संघाला बरीच वर्षं शिकवलं, त्यामुळे चार गोल खाऊन परत येताना गाडीत कसली शांतता असते ते मला ठाऊक आहे. पण त्या चौघांवर रागावू नका. दुखापतीतून उठलेला किंवा सामनेच न मिळालेला खेळाडू नव्वद मिनिटं खेळायला येणार, त्यात त्याचा दोष नाही. चूक आहे ती संघ दर आठवड्याला बदलू देणाऱ्या नियमाची. त्या चौघांनी तुमच्याविरुद्ध खेळून आणि तळाच्या संघाविरुद्ध न खेळून गुणतक्ता वाकवला. उद्या तुम्ही खाली गेलात आणि तो दुसरा संघ वाचला, तर ते मैदानावर ठरलं असं मी म्हणणार नाही.

आता थोडं मागे जाऊ. गोवा प्रोफेशनल लीगमध्ये, म्हणजे आपल्या राज्याच्या लीगमध्ये, मिसळलेले संघ ही काही नवी गोष्ट नाही. धेंपो, साळगांवकर, चर्चिल ब्रदर्स, स्पोर्टिंग हे क्लब राष्ट्रीय लीग खेळत, तेव्हाही गोव्यातल्या सामन्यांना कधी पूर्ण ताकदीचा संघ येई, कधी अर्धा नवख्यांचा. २०१६ मध्ये धेंपो, साळगांवकर आणि स्पोर्टिंग आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले आणि चित्र पालटलं. त्यांच्यासाठी गोव्याची लीग हीच मुख्य स्पर्धा झाली. त्याच सुमारास एफसी गोवा या आयएसएल क्लबाची डेव्हलपमेंट टीम, म्हणजे तरुणांचा दुसरा संघ, या लीगमध्ये आली आणि २०१८-१९ चं विजेतेपदही घेऊन गेली. म्हणजे एकाच मैदानावर एका संघाची वर्षभराची इभ्रत पणाला लागलेली, तर दुसऱ्याची ती शाळा. दोन्ही संघांचा हेतू खरा आहे. लीगने दोघांनाही न्याय द्यायचा तर नियम कडकच हवेत.

मला हवे असलेले नियम सांगतो. दुसऱ्या संघाची यादी हंगाम सुरू होण्याआधी द्यावी, आणि त्यात बहुतेक नावं तेविसाच्या आतली असावीत. वयाने मोठे तीन खेळाडू चालतील, तेही नावानिशी ठरलेले. पहिल्या संघाकडून ठरावीक सामन्यांपेक्षा जास्त खेळलेला खेळाडू त्या हंगामात खाली उतरू नये. आणि शेवटच्या फेऱ्यांमध्ये, जिथे कोण चढणार, कोण पडणार ते ठरतं, तिथे यादीबाहेरचा एकही पाय मैदानात नको. विजेतेपद मात्र त्यांना जिंकू द्यावं. जिंकायची मुभाच नसेल तर अठरा वर्षांचा मुलगा शेवटच्या दहा मिनिटांत जीव तोडून का धावेल? पण राज्यातून राष्ट्रीय पातळीच्या खालच्या विभागात संघ पाठवायची वेळ आली की ती जागा गुणतक्त्यात पुढच्या असलेल्या स्थानिक क्लबाचीच. आय-लीगच्या दुसऱ्या विभागात आयएसएल क्लबांचे राखीव संघ खेळले, तेव्हाही त्यांना वर चढता येत नव्हतं. ते योग्यच होतं.

तुमच्या कार्यकारिणीने एक करावं. पुढच्या हंगामाआधी हे सगळं लेखी स्वरूपात गोवा फुटबॉल असोसिएशनला द्या, आणि एकट्याने देऊ नका, पाच-सहा क्लबांच्या सह्या घ्या. सामना हरल्यावर केलेली तक्रार कुणी मनावर घेत नाही. हंगामाआधी दिलेल्या सूचनेवर निदान बैठकीत चर्चा तरी होते.

प्रश्न : पण मुळात या पोरांना आमच्या लीगमध्ये का घुसवायचं? त्यांच्यासाठी वेगळी डेव्हलपमेंट लीग आहे ना? — एक वाचक, कुडचडे

आहे. रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीगचा पहिला हंगाम २०२२ मध्ये आपल्याच नागोवा आणि बाणावलीच्या मैदानांवर झाला. बेंगळुरू एफसीने तो जिंकला, आणि त्यांची व केरळ ब्लास्टर्सची मुलं त्याच वर्षी इंग्लंडमध्ये नेक्स्ट जेन कप ही तरुण संघांची स्पर्धा खेळून आली. चांगलीच स्पर्धा आहे ती. मैदान नीट, पंच नीट, चेंडू जमिनीवरून फिरतो.

पण तिथे मुलगा मुलाविरुद्ध खेळतो. आपल्या लीगमध्ये त्याला बत्तीस वर्षांचा स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, भेटतो. तो सकाळी नोकरी करून आलेला असतो, त्याचा वेग कधीच गेलेला असतो, पण कॉर्नरच्या वेळी कोपर कुठे ठेवायचं आणि पंच कुठे बघतोय हे त्याला पक्कं माहीत असतं. त्याच्यासमोर पहिल्या अर्ध्या तासात आपला ॲकॅडमीतला हिरो हरवून जातो. दुसऱ्या अर्ध्यात तो शिकतो की चेंडू पायात मागायचा नाही, मोकळ्या जागेत मागायचा. हे शिकवणाऱ्या खेळाडूला कुणी प्रशिक्षकाचा पगार देत नाही, पण मी पाहिलेला तो सगळ्यात चांगला शिक्षक आहे. लिअँडर डिकुन्हा, प्रिन्स्टन रिबेलो ही गोव्याची मुलं एफसी गोवाच्या डेव्हलपमेंट टीममधून वर आली आणि आयएसएल खेळली. या लीगमधल्या थोराड बचावपटूंचा त्यात वाटा आहे असं मी मनापासून मानतो.

शिवाय सेझा फुटबॉल ॲकॅडमीचा संघ आठवा. १९९९ मध्ये सुरू झालेली ही ॲकॅडमी आपली तरणी पोरं घेऊन याच लीगमध्ये मोठ्यांशी भिडत आली. तेव्हा ती घुसखोरी आहे असं कुणाला वाटलं नाही.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त कोलकात्यात आहे. इथे लीगमध्ये मोहन बागान आणि ईस्ट बंगाल दोघेही बहुतांशी राखीव संघ उतरवतात. ऑफिसातले जुने बंगाली सहकारी म्हणतात, लीग मेली. तुम्हाला काय वाटतं? — एक वाचक, सॉल्ट लेक

तुमच्या सहकाऱ्यांचं दुःख मोठं आहे, त्यांच्याशी वाद घालू नका. १८९८ मध्ये सुरू झालेली ती लीग आशियातली सगळ्यात जुनी. १९३४ मध्ये मोहमेडन स्पोर्टिंगने गोऱ्या पलटणींना मागे टाकून ती जिंकली आणि १९३८ पर्यंत सलग पाच वर्षं कुणाला दिली नाही. अशी लीग क्लबाच्या वेळापत्रकात दुसऱ्या नंबरवर गेलेली पाहणं म्हाताऱ्या प्रेक्षकाला जड जाणारच.

तरीही ती मेली असं मी म्हणणार नाही. २०१९ मध्ये पीअरलेस हा छोटा क्लब विजेता झाला. १९५८ च्या ईस्टर्न रेल्वेनंतर एकसष्ट वर्षांनी मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहमेडन या तीन बड्या क्लबांच्या बाहेरचा विजेता! मोठ्यांचं लक्ष दुसरीकडे गेलं की छोट्यांना दार उघडतं, हे एक. दुसरं म्हणजे पी. व्ही. विष्णू. केरळचा हा मुलगा २०२३ मध्ये ईस्ट बंगालच्या राखीव संघात आला, कोलकाता लीगमध्ये खेळला आणि तिथून आयएसएलच्या संघात गेला. जुलै २०२४ ची लीगमधली डर्बी, म्हणजे ईस्ट बंगाल-मोहन बागान सामना, आठवा. ईस्ट बंगालने २-१ ने जिंकली, त्यात एक गोल विष्णूचा होता. मोहन बागानकडून गोल केला तो सुहैल भटने, तोही कोवळाच पोरगा. एरवी या दोघांना डर्बीचं दडपण म्हणजे काय ते बेंचवर बसूनच कळलं असतं.

बंगालच्या असोसिएशनने मैदानावर काही खेळाडू बंगालचेच असले पाहिजेत असा नियम केला आहे. तो मला फार आवडतो. दुसरा संघ स्थानिक लीगमध्ये येतो आहे ना, मग त्याने स्थानिक मुलांना जागा दिलीच पाहिजे. गोव्यानेही हा विचार करावा.

प्रश्न : इथे जर्मनीत बायर्नचा दुसरा संघ तिसऱ्या विभागात पहिला आला तरी वर जाऊ शकला नाही. हा अन्याय नाही का? — एक अभियंता, म्युनिक

नाही. २०१९-२० मध्ये बायर्नचा दुसरा संघ तिसऱ्या लीगचा विजेता झाला, आणि वर गेले वुर्त्सबुर्ग आणि ब्राउनश्वाइग. जर्मनीत दुसऱ्या संघांना तिसऱ्या लीगच्या वर जाता येत नाही, हे हंगामाआधी सगळ्यांना माहीत असतं. पुढच्या वर्षीचा निकाल बघा. तोच विजेता संघ तिसऱ्या लीगमधून खाली घसरला. चांगली मुलं वर गेली, काही दुसऱ्या क्लबांत गेली, उरलेल्यांना झेपलं नाही. दुसऱ्या संघाचा स्वभावच असा असतो, दरवर्षी मोडतो आणि नव्याने उभा राहतो. त्याच्या भरवशावर वरच्या विभागातली जागा देता येत नाही.

स्पेनमध्ये नियम सैल होते, तेव्हा १९८० मध्ये रेयाल माद्रिदचा दुसरा संघ कास्तिया चषकाच्या अंतिम फेरीत आपल्याच पहिल्या संघासमोर उभा राहिला आणि १-६ ने हरला. गोष्ट सांगायला मजेची आहे. पण प्रेक्षकाच्या मनात शंका येऊ द्यायची नसेल तर असे सामने होऊच नयेत. नंतर स्पेननेही दुसऱ्या संघांना त्या चषकातून बाहेर ठेवलं.

प्रश्न : माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे, पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाकडून खेळतो. एका व्यावसायिक क्लबाच्या दुसऱ्या संघाने बोलावलंय. घरात दोन तट पडलेत. पाठवावं का? — एक आई, कोल्हापूर

ताई, या पत्राला मी सगळ्यात जास्त वेळ दिला.

कोल्हापूरच्या मुलाला शाहू स्टेडियमवरच्या गर्दीची सवय असते. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब या तिथल्या संघांच्या सामन्याला जेवढी माणसं जमतात, तेवढी दुसऱ्या संघाच्या सामन्याला कुठल्याच शहरात जमत नाहीत. तिथे मोजकी माणसं, दुपारचं ऊन, आणि कुणी नाव घेऊन ओरडणारा नाही. पहिले तीन महिने मुलाला हेच सगळ्यात जड जाईल. फोनवर तो खेळाबद्दल बोलणार नाही, जेवणाबद्दल तक्रार करेल. घाबरू नका.

क्लबाला मात्र स्पष्ट विचारा. दुसरा संघ कुठल्या लीगमध्ये खेळणार आहे आणि हंगामात साधारण किती सामने होतील? फक्त सराव आणि चार-पाच सामने असतील तर तालमीतच राहू द्या, पेठेची लीग त्यापेक्षा जास्त शिकवेल. गेल्या दोन-तीन वर्षांत दुसऱ्या संघातून पहिल्यात किती मुलं गेली, त्यांची नावं विचारा. बारावीचं काय? गुडघा दुखावला तर खर्च कोण करणार, आणि तो संघात नसतानाही करणार का? ही उत्तरं करारावर लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर पाठवू नका, मग क्लब कितीही मोठा असो. त्याच्या जागी आधीपासून दोन मुलं उभी असतील, तर ते कुणी आपणहून सांगणार नाही, म्हणून तेही विचारा.

तुमच्याच शहरातला अनिकेत जाधव बघा. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून खेळला, आणि मग इंडियन ॲरोज या भारतीय महासंघाच्या तरुण संघाकडून आय-लीगमध्ये, म्हणजे ऐन कोवळ्या वयात मोठ्या माणसांविरुद्ध. पुढे आयएसएल. त्याला त्या वयात खेळायला मिळालं, हे मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुमच्या मुलाला तसं मिळणार असेल तर पाठवा.

प्रश्न : आम्ही दहा वर्षं मुलाला घडवतो, मोठा क्लब येऊन घेऊन जातो. गावच्या क्लबाला काही मिळतं का? — एक सचिव, डिचोली

मिळू शकतं, पण कागद असेल तरच. फिफाच्या नियमात दोन गोष्टी आहेत. खेळाडू व्यावसायिक म्हणून पहिल्यांदा नोंदला गेला की त्याला घडवणाऱ्या क्लबांना प्रशिक्षण भरपाईचा हक्क येतो. आणि पुढे तो पैसे मोजून परदेशी क्लबात गेला, तर रकमेतले पाच टक्के बारा ते तेवीस या वयात त्याला खेळवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. पंधराव्या वर्षापर्यंत दर वर्षाला पाव टक्का, सोळाव्यापासून अर्धा टक्का. देशातल्या देशात क्लब बदलला तर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे नियम लागू होतात, ते राज्य असोसिएशनकडून मागून घ्या.

पण हे सगळं नोंदणीवर चालतं. आपल्याकडे बारा-तेरा वर्षांची पोरं वर्षानुवर्षं गावच्या संघात खेळतात आणि महासंघाच्या सीआरएस या खेळाडू नोंदणी प्रणालीत त्यांचं नावच नसतं. मग मुलगा सतराव्या वर्षी मोठ्या क्लबाच्या दुसऱ्या संघात गेला की त्याच्या कागदावर पहिला क्लब म्हणून त्यांचं नाव लागतं आणि तुमची मेहनत कुठेच दिसत नाही. म्हणून या हंगामात जन्मदाखले गोळा करा, प्रत्येक मुलाची नोंदणी करा आणि पावती क्लबाच्या फायलीत लावा. सचिव बदलला की ती फाइल नव्या सचिवाकडे गेली पाहिजे, कुणाच्या घरी राहता कामा नये.