सकाळी फिरून आल्यावर बाबांची साखर कधी उतरलेली, तर कधी चढलेली दिसते. असं का?

दोन्ही शक्य आहे. चालताना पायांचे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात. हा परिणाम 24 तासांपर्यंत टिकू शकतो. पण राजहंसगडाचा चढ धापा टाकत चढलं, तर अ‍ॅड्रेनालिनमुळे यकृत साखर सोडतं आणि आकडा तात्पुरता वाढतो. त्याला एवढं घाबरायचं कारण नाही.

जपायचं ते उलट्या बाजूने, म्हणजे साखर फार उतरण्यापासून. बाबा इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) घेत असतील तर बेळगावच्या व्हॅक्सिन डेपो मैदानातल्या फेऱ्या उपाशीपोटी नकोत. निघताना साखर 90 च्या खाली असेल तर आधी थोडं खाऊ दे. हात थरथरले, दरदरून घाम आला की जागीच थांबून तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायची. कुंदा नव्हे (बेळगावकरांना मोह होणारच!), खव्यातल्या स्निग्धांशामुळे त्यातली साखर रक्तात उशिरा पोचते.