दहा वेळा लिहून स्पेलिंग सुधारत नाही

सप्रेम नमस्कार,

आपली मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली, आता अकरावी विज्ञानला आहे, तिला अभियांत्रिकीला जायचे आहे आणि इंग्रजी कच्चे असल्याने ते जमणार नाही असे आपल्याला वाटते. म्हणून आपण तिच्याकडून रोज पन्नास शब्द पाठ करून घेता, चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावता आणि पाहुणे आले की त्यांच्यादेखत स्पेलिंग विचारता. मला तिच्या इंग्रजीपेक्षा या चारचौघांतल्या परीक्षेची काळजी अधिक वाटते. ती हल्ली आपल्याशी मोजकेच बोलते, असे आपणच लिहिले आहे. त्याचे कारण दूर शोधायला नको. हा प्रकार आजच थांबवा आणि झाल्याबद्दल तिची माफी मागा.

सोबत पाठवलेले तिच्या वहीचे पान मी नीट वाचले. 'ओपनिंग'मध्ये तिने दोन 'एन' लिहिले, त्यावर आपली लाल रेघ आहे. पण दोनच ओळी वर तिने 'बिगिनिंग' दोन 'एन' घालून अचूक लिहिले आहे. म्हणजे एका शब्दावरून नियम ताडून तिने तो दुसऱ्याला लावून पाहिला. 'बिगिन' उच्चारताना जोर शेवटी येतो, म्हणून 'एन' दुपटतो. 'ओपन'मध्ये जोर सुरुवातीला असल्याने तो दुपटत नाही, एवढेच तिला कुणी सांगायला हवे होते. विचार करणाऱ्या मुलीला आपण त्या विचाराचीच शिक्षा दिलीत.

इंग्रजी शब्द एकेक करून घोकल्यानेच येतात, हा आपला समज चुकीचा आहे. 'इक' प्रत्यय लागला की 'समाज'चे 'सामाजिक' आणि 'इतिहास'चे 'ऐतिहासिक' होते, हे ती मराठीत शिकलेली आहे. इंग्रजीत असा बदल बहुधा सांध्यावर, म्हणजे उपसर्ग किंवा प्रत्यय शब्दाला जुळतो तिथे होतो. नकारार्थी 'इन' हा उपसर्ग 'पी' किंवा 'एम'पूर्वी 'इम' होतो, जसे 'इम्पॉसिबल'. 'एल'पूर्वी तो 'इल' होतो, म्हणून 'इलीगल'मध्ये दोन 'एल' येतात. 'मिस' लागताना मात्र काही गळत नाही, त्यामुळे 'मिसस्पेल'मध्ये दोन्ही 'एस' टिकतात. 'हॅपी'चा 'वाय' 'नेस'पूर्वी 'आय' होतो. अपवाद आहेतच, पण नियम कळलेल्या मुलीला ते वेगळे लक्षात ठेवणे सोपे जाते.

राहिला अभियांत्रिकीचा प्रश्न. त्या प्रवेशासाठीच्या एमएचटी-सीईटी आणि जेईई मेन या परीक्षांत इंग्रजी हा विषयच नाही.

उद्यापासून वही तिच्याच ताब्यात राहू द्या. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातला रोज एक शब्द तिने स्वतः निवडावा, उदाहरणार्थ 'कंडक्ट', आणि त्यापासून 'कंडक्टर', 'कंडक्टिव्हिटी', 'सेमीकंडक्टर' असे शब्द जुळवावेत. तिने दाखवली तरच आपण ती वही पाहावी, आणि तेव्हा हातात लाल पेन नसावे.