छोट्या विमानाचं इंजिन टेकऑफनंतर लगेच बंद पडलं, तर वळून धावपट्टीवर परत का येत नाहीत?

कारण त्या वळणात अनेकांचे जीव गेले आहेत. चढताना नाक वर असतं आणि वेग कमी. ताकद गेली की तो काही सेकंदांत आणखी घसरतो. म्हणून पहिलं काम एकच: नाक खाली करून ग्लाइडचा, म्हणजे इंजिनाशिवाय तरंगत उतरण्याचा वेग धरणं. सेसना १७२ मध्ये तो साधारण ६५ ते ७० नॉट असतो. जमीन समोर दिसत असताना नाक खाली दाबणं मनाला पटत नाही, पण तेच वाचवतं.

आता वळणाचं गणित. धावपट्टीशी पुन्हा सरळ रेषेत यायला १८० अंशांपेक्षा बरंच जास्त वळावं लागतं. उंची टिकवून ४५ अंश कललेल्या वळणात स्टॉलचा वेग (ज्याखाली पंख विमानाला पेलू शकत नाहीत) सुमारे १९ टक्के वाढतो, ६० अंशांत ४१ टक्के. घाबरून स्टिक ओढली की विमान स्टॉल होतं, स्पिनमध्ये जातं, म्हणजे गिरक्या घेत खाली पडतं, आणि सावरायला उंचीच नसते. त्यापेक्षा समोर, थोडं डावी-उजवीकडे जागा निवडून ताब्यात असलेलं विमान उतरवा. विमान मोडलं तरी चालेल.

इंजिन अर्धवट चालू राहिलं तर वळून परत येण्याचा मोह जास्त होतो, म्हणून माझ्या मते ते अधिक घातक. कोणत्या उंचीखाली वळायचंच नाही, हे धावपट्टीवर असतानाच मोठ्याने बोलून ठरवा. इंधनातलं पाणी आणि टाकीचा सिलेक्टर (कोणत्या टाकीतून इंधन घ्यायचं ते ठरवणारी खटकी) तर उड्डाणाआधी तपासायलाच हवा.