वाचक विचारतात : जुन्या अँड्रॉइड कन्सोलवर नवीन फर्मवेअर मारू का?

प्रश्न : नमस्कार दादा, माझ्या मामांनी २०१३ च्या शेवटी अमेरिकेहून येताना ऊया आणली होती, टीव्हीला लावायचा छोटा चौकोनी डबा, सोबत एक कंट्रोलर. नंतर बारावी, इंजिनिअरिंग यात ती कपाटात गेली ती गेलीच. आता गणपतीच्या साफसफाईत सापडली, चालू पण होते, पण मी आधी फॅक्टरी रीसेट मारला आणि आता वायफाय जोडल्यावर अकाउंटच्या स्क्रीनच्या पुढे जातच नाहीये. इथल्या मोबाईलवाल्याला विचारलं तर म्हणाला सॉफ्टवेअर मारावं लागेल. नेटवर सायनोजेनमॉड (हौशी लोकांनी बनवलेलं वेगळं अँड्रॉइड) टाकायचे व्हिडिओ आहेत, ते बघून घरीच करू का? आणि अँड्रॉइड १३ चढेल का त्याच्यावर?
— एक वाचक, सांगली

उत्तर : थांबा, अजून काहीच मारू नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्या ऊयाचं सॉफ्टवेअर बिघडलेलंच नाहीये. बंद पडलंय ते तिचं सर्व्हर, आणि फर्मवेअर म्हणजे डब्यातलं मूळ सॉफ्टवेअर बदलून सर्व्हर परत येत नाही.

थोडं मागचं सांगतो म्हणजे मुद्दा कळेल. ऊया २०१२ च्या जुलैमध्ये किकस्टार्टर या लोकांकडून पैसे गोळा करायच्या साइटवर आली, तेव्हा ६३ हजारांवर लोकांनी मिळून जवळपास ८६ लाख डॉलर दिले होते तिला. दुकानात आली २५ जून २०१३ ला, किंमत ९९ डॉलर. आत एनव्हिडियाची टेग्रा ३ चिप, १ जीबी रॅम, ८ जीबी स्टोरेज आणि अँड्रॉइड ४.१ म्हणजे जेली बीन. धंदा काही जमला नाही, २०१५ मध्ये तिचं सॉफ्टवेअर आणि स्टोअर रेझर या गेमिंगचं सामान बनवणाऱ्या कंपनीने घेतलं, आणि २५ जून २०१९ ला, म्हणजे दुकानात आल्यापासून बरोबर ६ वर्षांनी, सर्व्हर कायमचं बंद केलं. आता गंमत अशी की रीसेट झालेली ऊया पहिल्यांदा चालू होताना त्याच सर्व्हरला विचारते की हे अकाउंट खरं आहे का, आणि तिकडून उत्तर द्यायला कोणीच नाही, म्हणून ती तिथेच बसून राहते. रीसेट मारला नसता तर निदान आत शिरता आलं असतं, पण ते आता झालं, आणि त्यावर उपाय आहे.

उपाय एवढा छोटा आहे की तो आधी करून न बघता फ्लॅश मारणं, म्हणजे नवीन फर्मवेअर चढवणं, मला खरंच पटत नाही. ऊया बनवणाऱ्यांनीच आत एक सोय ठेवलेली आहे, आतल्या स्टोरेजमध्ये, कुठल्याही फोल्डरच्या बाहेर, 'ऊया अंडरस्कोर कॉन्फिग डॉट प्रॉपर्टीज' या नावाची साधी टेक्स्ट फाइल ठेवली, नाव इंग्रजी लहान अक्षरांत, की ऊया मूळ सर्व्हर सोडून त्या फाइलमध्ये लिहिलेल्या पत्त्यावर जाते. फाइलमध्ये दोनच ओळी लागतात, एक मुख्य सर्व्हरच्या पत्त्याची आणि एक स्टेटस सर्व्हरच्या पत्त्याची. सर्व्हर बंद होणार हे कळल्यावर चाहत्यांनी मिळेल तेवढे गेम जपून ठेवले आणि मूळ सर्व्हरसारखीच उत्तरं देणारा पर्यायी सर्व्हर उभा केला, त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे, हवा तर स्वतःच्या कॉम्प्युटरवर पण चालवता येतो. तर ऊयाच्या मागच्या मायक्रो यूएसबीला केबल लावा, कॉम्प्युटरला जोडा, फाइल टाका, ऊया बंद करून परत चालू करा आणि अकाउंट बनवा. तिथे तुमचा नेहमीचा ईमेल पासवर्ड अजिबात टाकू नका, काहीतरी नवीनच द्या. आणि केबल डेटावाली घ्या, घरात पडलेल्या निम्म्या केबल फक्त चार्जिंगच्या असतात, कॉम्प्युटरला काहीच दिसत नाही आणि लोकांना वाटतं डबाच मेला.

आता तुमचा खरा प्रश्न, सायनोजेनमॉड. ते ऊयावर चालतं, लोकांनी चालवलंय, मी नाही म्हणत नाही. पण ते टाकल्यावर ऊया ऊया राहत नाही हे आधी लक्षात घ्या. ऊयाच्या स्टोअरमधले गेम तिची स्वतःची फ्रेमवर्क (गेमना आधार देणारं आतलं सॉफ्टवेअर) शोधतात, खरेदीची खात्री तिथून करतात, साध्या अँड्रॉइडवर ती फ्रेमवर्क नसते, मग बरेच गेम उघडतच नाहीत. टॉवरफॉल पहिल्यांदा २०१३ मध्ये याच डब्यावर आला होता, चार जण एका सोफ्यावर बसून खेळायचा गेम, नंतर तो बाकी कन्सोलवर गेला, पण कितीतरी छोटे गेम दुसरीकडे कुठे गेलेच नाहीत. मला विचाराल तर या डब्यात जपण्यासारखं जे आहे ते तेच आहे. साधा अँड्रॉइड बॉक्स पाहिजे असेल तर आजचा स्वस्तातला बॉक्स पण याच्यापेक्षा बराच बरा चालेल, त्यासाठी ऊयाचा बळी कशाला द्यायचा.

दुसरी गोष्ट धोक्याची. फोनला व्हॉल्यूमची बटणं असतात, सॉफ्टवेअर फसलं तर पॉवर आणि व्हॉल्यूम दाबून आपण रिकव्हरीत, म्हणजे दुरुस्तीच्या छोट्या मेनूत, जातो. ऊयाला अख्ख्या डब्यावर एकच बटण आहे, पॉवरचं. यूएसबी कीबोर्ड लावून चालू होताना ऑल्ट, प्रिंट स्क्रीन आणि आय ही बटणं एकत्र सारखी सारखी दाबली तर रिकव्हरी येते, ही युक्ती खरी आहे, पण ती चालते कशी ते बघा, त्या बटणांनी कर्नल (सिस्टिमचा सगळ्यात आतला गाभा) बाकी सगळे प्रोग्राम मारून टाकतो. म्हणजे कर्नल जिवंत असेल तरच. चुकीची बूट इमेज (कर्नल असलेली, डबा सुरू करणारी फाइल) पडली आणि कर्नलच उठला नाही तर कीबोर्डला ऐकणारं आत कोणी नसतं, आणि बाहेरून वाचवायला सोपा रस्ता नाही. मोबाईलवाले ज्याला 'सेट डेड झाला' म्हणतात तसं.

एवढं वाचून पण करायचंच असेल (आणि काहींना शिकण्यासाठीच करायचं असतं, ते मला पूर्ण मान्य आहे), तर एकच गोष्ट पाळा, लिहायच्या आधी चालवून बघा. कॉम्प्युटरवर एडीबी आणि फास्टबूट ही केबलवरून डब्याला हुकूम द्यायची टूल टाका, ऊयाचा यूएसबी व्हेंडर आयडी (कंपनीचा ओळख क्रमांक) ०एक्स२८३६ आहे, ड्रायव्हरने ओळखली नाही तर तो हाताने भरावा लागतो. एडीबीमधून रीबूट बूटलोडर दिलं की स्क्रीन काळी होते, घाबरू नका, तेच फास्टबूट. आता रिकव्हरीची इमेज 'फास्टबूट फ्लॅश' ने टाकू नका, 'फास्टबूट बूट' ने नुसती चालवा. ती फक्त रॅममध्ये चढते, डब्यात काही लिहिलं जात नाही, जमलं नाही तर वायर काढून परत लावली की जुनी ऊया जशीच्या तशी. रिकव्हरी नीट आली की पहिलं काम पूर्ण बॅकअप, आणि तो बॅकअप लगेच कॉम्प्युटरवर ओढून घ्या, कारण त्याच डब्यात ठेवलेला बॅकअप डबा गेल्यावर कोणाच्या कामाचा. डाउनलोड केलेल्या फाइलचा चेकसम (फाइल पूर्ण आहे का ते सांगणारा आकडा) दिलेल्या आकड्याशी जुळतो का तेही बघा, अर्धवट उतरलेली झिप टाकल्याने मेलेले डबे मी बरेच बघितलेत.

आणि लाईटचं बघा! ऊयाला बॅटरी नाहीये, सगळं भिंतीच्या प्लगवर. फ्लॅश चालू असताना दोन सेकंद लाईट गेली तरी संपलं, तेव्हा इन्व्हर्टरवर लावूनच करा, आणि पावसाळ्यात संध्याकाळी वारं सुटलेलं असताना तर नकोच.

अँड्रॉइड १३ चं उत्तर नाही. टेग्रा ३ ही ३२ बिटची जुनी चिप, ग्राफिक्समध्ये ओपनजीएल ईएस या चित्र काढायच्या पद्धतीच्या २ च्या आवृत्तीपुढे जात नाही, आणि एनव्हिडियाने दिलेले बंद ड्रायव्हर ३.१ च्या कर्नलला चिकटलेले आहेत. कर्नल पुढे नेला की ड्रायव्हर मागे राहतात, ड्रायव्हर धरून ठेवले की अँड्रॉइड मागे राहतं. वर १ जीबी रॅम. कोणी 'ऊया अँड्रॉइड १३ फुल वर्किंग' लिहून झिप देत असेल तर हात लावू नका.

प्रश्न : दादा मी डिप्लोमाला आहे, सेकंड इयर. सेकंडहँड जीपीडी एक्सडी प्लस घेतलाय, हातातला. त्यात भरपूर फालतू ॲप आहेत आणि स्लो झालाय. मित्राकडे जीपीडी एक्सडी चं कस्टम फर्मवेअर डाउनलोड केलेलं आहे, त्याच्यावर मस्त चालतं. नाव एकच आहे तर माझ्यावर पण चालेल ना? फ्लॅश टूलमध्ये फॉरमॅट ऑल असं पण ऑप्शन येतंय, तेच मारू का म्हणजे एकदम क्लीन होईल?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नाही, आणि नाही.

बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, बिजागरीचा स्क्रीन, ५ इंची, म्हणून हा घोळ खूप जणांचा होतो. पण २०१५ चा एक्सडी रॉकचिपच्या आरके३२८८ वर चालतो, त्यात अँड्रॉइड ४.४. तुझा प्लस २०१८ चा, त्यात मीडियाटेकची एमटी८१७६ आणि अँड्रॉइड ७. चिप बनवणारी कंपनीच वेगळी, मग बूटलोडर (सेट सुरू करणारा पहिला प्रोग्राम) वेगळा, पार्टिशन (स्टोरेजचे भाग) वेगळी, फ्लॅश करायचं टूल पण वेगळं. मित्राची फाइल तुझ्या कामाची नाही, प्लससाठी बनवलेलंच फर्मवेअर शोध, आणि ज्या पानावर चिपचं नाव लिहिलेलं नाही तिथून काही उतरवू नकोस.

फॉरमॅट ऑल मात्र कधीच नको. मीडियाटेकच्या सेटमध्ये एनव्हीरॅम नावाचा एक छोटा भाग असतो, तुझ्या सेटचा वायफायचा मॅक ॲड्रेस (ओळख क्रमांक), कॅलिब्रेशन असलं सगळं त्यात, आणि ते प्रत्येक सेटचं वेगळं असतं, फर्मवेअरच्या फाइलमध्ये येत नाही. फॉरमॅट ऑल मारलं की ते पुसलं जातं आणि मग वायफायच्या यादीत 'एनव्हीरॅम वॉर्निंग' असं विचित्र नाव दिसायला लागतं. 'डाउनलोड ओन्ली' हेच ऑप्शन ठेव, आणि त्याच्याही आधी रीडबॅक करून, म्हणजे सेटमधून वाचून, एनव्हीरॅमची कॉपी कॉम्प्युटरवर घे.

एक मात्र आधी बघ, बॅटरी. सेट सेकंडहँड आहे, टेबलावर सपाट ठेव, मागचं कव्हर फुगलंय का, हलवलं की डुगडुगतंय का. तसं असेल तर चार्जिंग बंद, फ्लॅश बंद, आधी बॅटरी बदलून घे. पुण्यातच आहेस तर तापकीर गल्लीत विचारून बघ, पण बॅटरी मापाची आणि त्याच व्होल्टेजची घे, 'बसेल हो' म्हणून कोणी देईल ती नको. फुगलेली बॅटरी स्वतः टोचून उचकटून काढू नकोस, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

आणि खरं तर स्लो आहे म्हणून फर्मवेअर बदलायच्या आधी फालतू ॲप डिसेबल करून, आणि मेमरी कार्ड चांगल्या कंपनीचं घालून बघ. अर्ध्या वेळा गेम अडकत असतो तो नकली कार्डमुळे.

प्रश्न : जुन्या अँड्रॉइड ४ च्या कन्सोलवर कस्टम रॉम (कंपनीची नसलेली, दुसऱ्याने बनवलेली सिस्टिम) टाकली, व्यवस्थित चालू झाली. पण ब्राउझरमध्ये निम्म्या साइट सर्टिफिकेट एरर देतात आणि प्ले स्टोअर साइन इन होत नाही. रॉम खराब आहे का? मुलगी त्यावर खेळते, तिच्यासाठी माझंच गुगल अकाउंट टाकायचं होतं.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : रॉम खराब नसावी. पहिलं तारीख बघा, फ्लॅशनंतर घड्याळ बऱ्याचदा १९७० किंवा असंच काहीतरी दाखवतं, आणि तारीख चुकली की प्रत्येक सर्टिफिकेट (साइट खरी असल्याचा दाखला) चुकीचंच वाटतं.

तारीख बरोबर असेल तर मग वयाचा प्रश्न आहे. आजच्या साइट टीएलएस १.२ (साइटशी कुलूपबंद बोलायची पद्धत) च्या खाली बोलत नाहीत, आणि ते अँड्रॉइडमध्ये ५.० पासून आपोआप चालू असतं, ४.१ ते ४.४ मध्ये आत असतं पण बंद असतं. शिवाय खूप साइट लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं सर्टिफिकेट वापरतात, त्याचं नवीन मूळ सर्टिफिकेट अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या सेटला माहीतच नाही. स्वतःची सर्टिफिकेट सोबत आणणारा एखादा ब्राउझर त्या अँड्रॉइडवर चढत असेल तर थोडंफार भागेल. प्ले स्टोअर चालवणाऱ्या प्ले सर्व्हिसेसचं म्हणाल तर गुगलने जेली बीनचा सपोर्ट २०२१ मध्ये आणि किटकॅटचा (अँड्रॉइड ४.४) २०२३ मध्ये बंद केलाय, त्यामुळे साइन इनच्या मागे लागून आठवडा घालवू नका, गेमच्या फाइल कॉम्प्युटरवरून केबलने टाका.

आणि तुमचं अकाउंट त्यावर नकोच, कृपया. २०१५ मध्ये उघडकीला आलेला स्टेजफ्राइट, नुसती व्हिडिओ फाइल आली तरी आत शिरता येईल असा दोष, तो २.२ पासून ५.१ पर्यंत सगळ्यात होता, आणि तुमच्या रॉममध्ये तो दुरुस्त केलाय की नाही हे रॉम बनवणाऱ्याने लिहिलं असेल तरच कळतं. ज्या अकाउंटवर तुमचे फोटो, ईमेल, बँकेचे मेसेज आहेत ते अशा डब्यात टाकायचं नाही, यूपीआय तर दूरच. मुलीला खेळायला अकाउंट लागत नाही, वायफाय बंद ठेवून गेम चालतात का ते एकदा बघा, बहुतेक जुने गेम चालतात. चालत असतील तर वायफाय कायमचंच बंद करून द्या तिला.