चांदीजवळ रेणू लवकर का विझतो?

प्रश्न : उत्तेजित (म्हणजे ऊर्जा शोषून घेतलेला) रेणू किती वेळात प्रकाश सोडेल हे त्याच्या रचनेवरच ठरतं, असं मी शिकले. पण काचेऐवजी चांदीच्या पातळ थरावर तेच रंगद्रव्य पसरलं, तर हा काळ घटला आणि उजेडही कमी झाला. माझ्या मोजण्यातच काही चुकतंय का?

उत्तर : हे मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मलाही मोजमापाचाच संशय आला होता. काचेवरचा नमुना पुन्हा पुन्हा लावून पाहिला. काचेवर आकडा हलला नाही, चांदीवर हलला. तुमचंही बहुधा चुकलेलं नाही.

रचनेवर ठरतं हे खरं, पण अर्धंच. प्रकाश सोडायला रेणूला भोवती वाट लागते, आणि शेजारचा पदार्थ ती रुंद किंवा अरुंद करतो. भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ साली हे एका परिच्छेदाच्या टिपणात मांडलं. ते रेडिओलहरींबद्दल होतं. दृश्य प्रकाशासाठी शास्त्रज्ञ कार्ल ड्रेक्सहागे यांनी केलेला प्रयोग मला आजही फार देखणा वाटतो. त्यांनी आरशावर मेदाम्लाचे एकेका रेणूच्या जाडीचे थर चढवले आणि त्यांवर युरोपियम हा धातू असलेले, प्रकाश सोडणारे रेणू बसवले. अंतर वाढेल तसा उत्सर्जनाचा काळ कमी-जास्त, कमी-जास्त होत गेला. आरशावरून परतलेली लहर रेणूच्या स्पंदनाशी जुळली की ऊर्जा भराभर बाहेर पडते, उलट पडली की रेंगाळते. युरोपियम निवडणं शहाणपणाचं होतं : त्याचा काळ मिलिसेकंदाच्या घरातला, मोजायला सोपा. ज्या रेणूची बहुतेक ऊर्जा मुळातच उष्णतेत जाते, त्याच्यात हा फरक जेमतेम दिसतो.

आता तुमचा घटलेला उजेड. धातू अगदी जवळ, काही नॅनोमीटरवर असला, की रेणूची ऊर्जा प्रकाश न होता थेट धातूतल्या इलेक्ट्रॉनांत शिरते आणि उष्णता होऊन संपते. तेव्हाही काळ घटतोच! म्हणून नुसता काळ घटला एवढ्यावरून ‘उत्सर्जन वाढलं’ असं कुणी म्हणालं, तर मी ते मानत नाही. सोबत उजेड किती, हे विचारावंच लागतं, आणि तुम्ही ते मोजलंत याचा मला आनंद आहे.

चांदी आणि रंगद्रव्य यांच्यामध्ये ५० नॅनोमीटर जाडीचा सिलिकाचा (काचेसारख्या पारदर्शक पदार्थाचा) थर द्या आणि दोन्ही आकडे पुन्हा घ्या. उजेड बराचसा परत यायला हवा. काय येतं ते नक्की कळवा.