गडचिरोलीत नव्याने रुजू झालेल्या शिक्षकमित्रास

आठवी ते दहावीच्या मुलांना पुढच्या शिक्षणासाठी तयार करण्याचे काम आपण हाती घेतले, याचा मनापासून आनंद झाला. सुरुवातीला फार पसारा मांडू नका.

सर्वांत आधी कागदपत्रे पाहा. चांगले गुण मिळवलेल्या मुलाचाही राखीव जागेवरचा व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश जात वैधता प्रमाणपत्रावाचून, म्हणजे जातीचा दाखला समितीने तपासून खरा ठरवल्याच्या प्रमाणपत्रावाचून, अडतो, आणि अनुसूचित जमातीच्या दाव्यासाठी आजोबा-पणजोबांची 1950 पूर्वीची शाळेची किंवा महसुली नोंद फार मोलाची ठरते. म्हणून नववीतच प्रत्येकाची फाईल करा आणि आधार, शाळेचे रजिस्टर व जुनी नोंद यांतील नाव-आडनावाचे एकेक अक्षर स्वतः ताडून पाहा. बारावीनंतर धावपळ करणे ही नेहमीची चूक आहे.

आठवीत पात्र मुलांना एनएमएमएस या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतील हुशार मुलांसाठीच्या केंद्रीय शिष्यवृत्ती परीक्षेला जरूर बसवा. निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये मिळतात.

दुसरी चूक म्हणजे प्रत्येक हुशार मुलाला विज्ञान शाखेकडे ढकलणे. आयटीआय, तंत्रनिकेतन आणि अकरावी हे पर्याय पालकांपुढे सारख्याच आदराने मांडा, आणि विशेषतः मुलींच्या बाबतीत वसतिगृहाची चौकशी आधी करा. एमएचटी-सीईटी या बारावीनंतरच्या अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र वगैरेंच्या प्रवेश परीक्षेचा तपशील तूर्त बाजूला राहू द्या.