कंपनीचा स्टिरिओ न बदलता आवाज सुधारायचाय? आधी पुढची दारं उघडा

तुमची अडचण मला अशी कळली: डॅशबोर्डमध्ये कंपनीची टचस्क्रीन आहे, ती हलवायची नाही. चारही दारांत स्पीकर आहेत, पण आवाज जरा वाढवला की फाटतो आणि बेस नावालाच आहे. फिटरने मागच्या ट्रेवर मोठे ओव्हल स्पीकर, डिकीत १२ इंची सबवूफर (फक्त बेसचे खालचे स्वर काढणारा स्पीकर) आणि '१००० वॉट'चा ॲम्प (सिग्नलची ताकद वाढवणारा डबा) असं पॅकेज सांगितलंय. तुमचं बजेट त्याच्या निम्मं आहे आणि त्यातलं काय गाळावं, हे तुम्ही विचारताय.

माझं ऐकाल तर ते पॅकेज निम्म्या किमतीत मिळालं तरी नको. तुम्ही बसता पुढे आणि तो सगळा खर्च मागे करायला सांगतोय. जेवढे पैसे आहेत तेवढे पुढच्या दोन दारांत घाला. मागचे स्पीकर आहेत तसे राहू द्या, मागे बसणाऱ्याला ते पुरतात. दारांतून उरले तर सीटखाली एक छोटा सबवूफर घ्या. वेगळा ॲम्प सगळ्यात शेवटी, आणि कदाचित त्याची गरज पडणारही नाही.

पण खिशात हात घालण्याआधी थोडा वेळ गाडीत बसा. फोनमधला इक्वलायझर बंद करा आणि गाडीतला सगळा शून्यावर आणा. ब्लूटूथवर ऐकत असाल तर फोनचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवा आणि पुढचं कमी-जास्त गाडीच्या बटणाने करा. उलटं केलंत तर फोनकडून आलेल्या मरगळलेल्या सिग्नलबरोबर त्यातली सरसरही मोठी होते. ओळखीचं एकच गाणं एकदा ब्लूटूथवर आणि एकदा यूएसबीवरून चांगल्या फाइलमधून लावा. फरक ठळक वाटला तर निम्मी तक्रार स्पीकरची नव्हतीच.

आता फेडर, म्हणजे पुढच्या-मागच्या स्पीकरांत आवाज वाटणारं सेटिंग, पूर्ण पुढे घ्या, बेस दोन-तीन घरं खाली आणा आणि आवाज वाढवत जा. बहुतेक गाड्यांत तो आधीपेक्षा बराच वर जाईपर्यंत फाटत नाही. कारण साधं आहे. स्वर एक सप्तक खाली उतरला की हवेत तेवढाच दाब निर्माण करायला स्पीकरच्या कोनला, म्हणजे पुढे-मागे हलणाऱ्या पडद्याला, चौपट हलावं लागतं. ८० हर्ट्झला जे काम १ मिलिमीटरमध्ये होतं, त्याला ४० हर्ट्झला ४ मिलिमीटर लागतात. दारातल्या बारक्या स्पीकरकडे तेवढी धाव नसते. तो खालचे स्वर काढायच्या नादात वरचेही बिघडवतो. स्टिरिओच्या मेनूत हाय-पास फिल्टर (ठरावीक मर्यादेखालचे स्वर अडवणारा) सापडला तर तो ८० हर्ट्झवर लावा. पुष्कळ कंपनी स्टिरिओंत तो नसतो, मग बेसचं बटण खाली ठेवणं हाच गरिबाचा हाय-पास.

आता वॉटचं प्रकरण, कारण सगळी फसवणूक तिथेच होते. स्टिरिओवर '५० वॉट × ४' लिहिलेलं असतं. गाडी चालू असताना १४.४ व्होल्टच्या आसपास वीज मिळते असं धरा. १४.४ चा वर्ग करून स्पीकरच्या ४ ओहमने (ओहम म्हणजे तो विजेला करत असलेल्या विरोधाचं माप) भागलं की जवळपास ५२ येतात. म्हणजे आकडा अगदीच खोटा नाही, पण तो कधी मिळतो? आतली चिप पूर्ण कोलमडून गोल लहरीऐवजी चौकोनी लहर सोडते तेव्हा, म्हणजेच आवाज पुरता फाटलेला असताना. स्वच्छ लहरीसाठी तोच आकडा निम्म्यावर येतो. चिपमधली घट वजा केली की प्रत्येक स्पीकरच्या वाट्याला खरे १८ ते २० वॉट उरतात.

एवढे वॉट कमी आहेत असं वाटेल, पण नाहीत. बंद गाडीत चांगल्या स्पीकरला २० वॉट म्हणजे भरपूर आवाज. स्पीकर मात्र तसा निवडायला हवा. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेले कमाल वॉट बघूच नका. बारीक अक्षरातली सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे ठरावीक वीज दिली की स्पीकर किती डेसिबल आवाज देतो ते. ८९ डेसिबलऐवजी ९२ डेसिबलचा स्पीकर घेणं म्हणजे ॲम्पची ताकद दुप्पट करण्यासारखं आहे, तेही एक वायर न ओढता. इथेही एक मेख आहे. काही कंपन्या हा आकडा १ वॉटला देतात, काही २.८३ व्होल्टला. ४ ओहमच्या स्पीकरमध्ये २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॉट, त्यामुळे दुसऱ्या पद्धतीचा आकडा आपोआप ३ डेसिबलने फुगतो. दोन स्पीकरांची तुलना करताना पद्धत एकच आहे ना, ते तपासा. पुढे ॲम्प लावायचाच नसेल तर 'आरएमएस १०० वॉट'वाले (आरएमएस म्हणजे सतत झेपणारी ताकद) जड स्पीकर टाळा. कंपनीच्या स्टिरिओवर ते जुन्यापेक्षाही मरगळलेले वाटतात आणि मग माणूस पुन्हा फिटरच्या दारात.

ओहमही जुळले पाहिजेत. जुना स्पीकर काढून मल्टिमीटर लावा. ४ ओहमचा स्पीकर साधारण ३.२ ते ३.८ दाखवतो. मीटर दोनच्या आत थांबला तर तो २ ओहमचा आहे. त्या जागी ४ ओहमचा बसवला की वीज निम्मी पोचते आणि 'नवीन लावून आवाज कमी झाला' अशी तक्रार सुरू होते. उलट ४ च्या जागी २ लावला तर स्टिरिओची चिप तापते. पुढे ट्वीटरची (वरचे बारीक स्वर काढणाऱ्या छोट्या स्पीकरची) वेगळी जागा आधीपासून असेल तर कंपोनंट सेट घ्या, ज्यात ट्वीटर सुटा येतो; नसेल तर कोॲक्शियल, ज्यात तो मोठ्या स्पीकरच्या मधोमधच बसवलेला असतो. ट्वीटर समोरच्या खांबात बसवायचा विचार असेल तर थांबा. खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग पुष्कळ गाड्यांत त्याच खांबातून जाते. तिच्यासमोर काहीही चिकटवायचं नाही आणि तिच्या वायरच्या पिवळ्या कपलरला (जोडाला) हात लावायचा नाही. काम सुरू करण्याआधी इग्निशन बंद करून बॅटरीचं निगेटिव्ह काढा आणि काही मिनिटं जाऊ द्या.

आता दार. ज्यावर सगळं अवलंबून आहे आणि जे कुठल्याच पॅकेजमध्ये नसतं ते हेच.

दाराचं पॅड काढून बघा. हँडलच्या मागे आणि आर्मरेस्टच्या झाकणाखाली लपलेले स्क्रू निघाले की कडेने प्लॅस्टिकच्या पट्टीने उचला. क्लिपा टक् टक् करत सुटतील. एक-दोन तुटतीलच, त्यामुळे आधीच जादा आणून ठेवा. आत प्लॅस्टिकचा कागद काळ्या चिकट गोंदाने डकवलेला दिसेल. त्यामागे पत्र्याला हात जाईल एवढी भोकं आणि एका प्लॅस्टिकच्या कड्यात बसवलेला पातळ कोनचा, लहानशा चुंबकाचा स्पीकर. बाहेरच्या पत्र्यावर बोटाच्या पेराने ठोका. 'टण्ण' आवाज येऊन थोडा वेळ घुमतो. गाण्यातही तो तसाच घुमतो, तुम्ही त्याला बेस समजता एवढंच.

शिवाय स्पीकरचा कोन पुढे जातो तेव्हा मागची हवा उलट्या दिशेने ढकलली जाते. पुढची लाट आणि मागची लाट त्या भोकांतून एकमेकींना भेटली की खालचे स्वर तिथल्या तिथे मरतात. स्पीकर कितीही महाग आणा, दार असं चाळणीसारखं असेल तर बेस दारातच राहणार.

उपाय दोन आणि दोन्ही वेगळे. पहिला, बाहेरच्या पत्र्यावर आतून ॲल्युमिनियमचा थर असलेली ब्युटाइल (चिकट रबराची) शीट. सगळा पत्रा मढवायची गरज नाही. २५ ते ३० टक्के भाग, तोही मधला मोकळा, सपाट भाग झाकला की कंप बराचसा थांबतो. उरलेली शीट विकणाऱ्याच्या फायद्याची. पत्रा आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि शीट रोलरने दाबून बसवा. नुसती हाताने चिकटवलेली शीट उन्हाळ्यात सुटते. डांबरी शीट स्वस्त असते, पण गाडी उन्हात उभी राहिली की वास मारते आणि ओघळते. ती छताच्या वा दाराच्या कामाला आणू नका. बसवल्यावर पुन्हा ठोका. 'टण्ण'च्या जागी 'ठप' आलं की झालं.

दुसरा उपाय आतल्या पत्र्याची भोकं बुजवण्याचा. छोट्यांवर शीटच पुरते. मोठ्या भोकांवर नुसती शीट ताणली तर तीच ढोलाच्या कातड्यासारखी हलते. तिथे पातळ ॲल्युमिनियम किंवा प्लॅस्टिकचा तुकडा कापून स्क्रूने बसवा, कडा शीटने बंद करा. स्क्रू अशासाठी की उद्या काचेची मोटर बिघडली तर मेकॅनिकला ते उघडता आलं पाहिजे. दाराच्या तळाशी पाणी निघून जायची भोकं असतात, ती मात्र चुकूनही बुजवू नका. पावसाचं पाणी काचेच्या रबराजवळून आत उतरतंच. ते साचलं तर दार खालून सडतं. याच पाण्यामुळे स्पीकरखाली साध्या एमडीएफचं (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीचं) कडं नको, ते फुगतं. प्लॅस्टिकचं घ्या किंवा पाणीरोधक रंग लावलेलं प्लायवूड. स्पीकर आणि पॅड यांच्यात फोमची गोल पट्टी लावली की आवाज पॅडच्या पोकळीत न शिरता जाळीतून बाहेर येतो. स्क्रू आवळण्याआधी काच पूर्ण खाली करून बघा, चुंबकाला घासत नाही ना.

वायर कापू नका. तुमच्या मॉडेलचा कपलर ॲडॉप्टर मिळतो, तोच वापरा. वॉरंटीच्या वेळी कापलेली वायर पहिल्यांदा दिसते. प्लस-मायनसची खात्री १.५ व्होल्टच्या साध्या सेलने होते. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला क्षणभर टेकवला की कोन बाहेर यायला हवा. एका बाजूचा स्पीकर उलटा जोडला गेला तर बेस गायब होतो आणि गायकाचा आवाज समोरून न येता चारी दिशांना विखुरतो. नवीन स्पीकर 'पातळ' वाटतात अशी ओरड आली की मी आधी हेच बघायला सांगतो.

एवढं करून महिनाभर ऐका. खालचा ठोका तरीही हवाच असेल तर सीटखालचा ॲम्पसहितचा ८ इंची सबवूफर घ्या. डिकीतल्या १२ इंचीएवढा दणका तो देणार नाही, पण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला नीट कळत नाही, त्यामुळे तो दारांच्या स्पीकरांत छान मिसळतो. डिकीही मोकळी राहते. विकत घेताना खोक्यावरचे वॉट सोडा आणि फ्यूज बघा. फ्यूज १० अँपिअरचा असेल तर १२ व्होल्टने आत जाणारी वीजच १२० वॉट. त्यातून '६०० वॉट' बाहेर कसे पडणार? फिटरच्या १००० वॉटच्या ॲम्पलाही हीच कसोटी लावा. मजा येईल.

सबवूफरला हाय-लेव्हल इनपुट हवाच, म्हणजे कंपनीच्या स्पीकर वायरवरूनच सिग्नल घेता येतो आणि स्क्रीनला हात लागत नाही. पॉवरची केबल थेट बॅटरीवरून आणि फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत. हा फ्यूज ॲम्पसाठी नसतो. केबल पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर आग लागू नये म्हणून असतो, त्यामुळे 'ॲम्पमध्ये आहे की' हे उत्तर ऐकून घेऊ नका. केबल तांब्याची आहे का, ते टोक चाकूने खरवडून बघा. आत चंदेरी दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. वीज वाहून नेण्यात ते तांब्याच्या जेमतेम दोन-तृतीयांश, म्हणून तीच घ्यायची तर एक माप जाड घ्या. अर्थिंगची वायर आखूड ठेवा आणि रंग खरवडून उघड्या पत्र्यावर आवळा. ॲक्सिलरेटरबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली तर दहातल्या बहुतेक वेळा दोष याच बोल्टखाली सापडतो.

सबवूफरवरचं गेनचं बटण म्हणजे आवाजाचं बटण नव्हे; ते आत येणाऱ्या सिग्नलशी ॲम्प जुळवून घेण्यासाठी असतं. स्टिरिओचा आवाज फाटायच्या थोडा अलीकडे ठेवा. सबवूफरचा गेन शून्यापासून हळूहळू वाढवा आणि बेस सीटखालून येतोय असं वाटायला लागलं की थोडा मागे घ्या. मग सबवूफरचा फेजचा स्विच (कोनच्या हालचालीची दिशा उलटवणारा) एकदा उलटा करून बघा. ज्या स्थितीत ड्रायव्हरच्या जागेवर बेस भरदार लागेल, ती कायम ठेवा. बॅलन्सही एक-दोन घरं पलीकडच्या बाजूला सरकवा, कारण जवळचा स्पीकर नेहमीच जास्त बोलतो.

वेगळा चार चॅनलचा ॲम्प कधी घ्यावा? दारं बंद केली, स्पीकर बदलले, खालचा भार सबवूफरने उचलला, आणि तरीही हायवेवर काचा लावून आवाज कमी पडतो, तेव्हा. त्याआधी नाही.

आता पुढच्या दाराचं पॅड उघडून तीन गोष्टी कळवा: जुन्या स्पीकरचा मीटरवरचा ओहम, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर आणि काच खाली असताना मागे उरणारी खोली. त्यावरून कुठल्या मापाचे स्पीकर कापाकापी न करता बसतील, ते सांगता येईल.